चिचूचा तीन मजली केक

हुं म्हणा. म्हणजे सांगतो.

एक होती चिचुंद्री. तिचं नाव चिचू.

चिचू लहान. तिची शेपटी लहान. डोळे त्याहून लहान. तिला लांबचं दिसत नसे. ती बांधाच्या कडेकडेने चाले. तुरुतुरु, चुक चुक. तुरुतुरु, चुक चुक.

तिच्या अंगाला वास येई. त्याला ती काय करणार? होता वास. सगळे नाक दाबत. म्हणत, "चिचू, लांब हो." चिचू लांब होई. तिला कुणी घरी बोलवत नसे.

पण तिच्या हाताला चव होती. ती रानात सगळ्यांना ठाऊक होती.

ओढ्यापलीकडे करवंदीची जाळी होती. जाळीत सशीण राही. तिला एक पोर. कापशा. पांढरा, मऊ, कापसासारखा.

कापशा पावसाळाभर आजारी होता. बिळात पडून होता. उडी नाही. टुणुक नाही. दिवसा डोळे उघडी. दिवस मावळला की मिटी. मिटले की सकाळीच उघडी.

त्याचा वाढदिवस उद्यावर आला.

सशिणीने विचारलं, "कापशा, तुला काय हवं?"

कापशा म्हणाला, "केक."

"कसला केक?"

"तीन मजली. कावळा सांगत होता. माणसांच्या लग्नात असतो. एकावर एक. त्यावर आणखी एक."

पावसाळाभर पोराने काही मागितलं नव्हतं. आज मागितलं.

सशीण चिचूच्या दारात आली. लांबच उभी राहिली. नाकाला पदर लावला.

"चिचू, केक करशील? तीन मजली?"

"करते."

"उद्या दिवस मावळायच्या आत आण. मावळला की पोर झोपतं."

"आणते."

सशिणीने पानाची एक पुडी ठेवली. काडीने पुढे ढकलली.

"यात अक्षता आहेत. येताना वाटेत सगळ्यांना आवतण दे. प्रत्येकाच्या हातावर एक दाणा ठेव. म्हण, कापशाच्या वाढदिवसाला या."

त्या रानात तशी रीत होती. हातावर दाणा पडला, आवतण झालं. दाणा नाही, तर आवतण नाही. मग कुणी येत नसे. कुणी मदतही करत नसे.

चिचूने पुडी कमरेला बांधली.

मग केक केला.

खाली नाचणीचा मजला. मोठा.
त्यावर गाजराचा मजला. मधला.
त्यावर खोबऱ्याचा मजला. लहान.
आणि टोकावर एक बोर. लाल, टपोरं.

मजले सरकू नयेत म्हणून चिचूने मधोमध बांबूची काडी खुपसली. वरून खालपर्यंत. केक गाड्यावर ठेवला. वर पळसाचं पान झाकलं.

गाड्याला दोन चाकं. चाकाला खीळ. खीळ असली की चाक राहतं. खीळ गेली की चाक निखळतं.

चिचू निघाली. गाडा निघाला.

खुडुक खुडुक. खुडुक खुडुक.

मळभ आलं होतं. ऊन नव्हतं. वारा गार होता.

वाटेत आठ पायांच्या कोळ्याचं घर लागलं. चिचू मान खाली घालून गेली.
शिंपीण पक्षिणीचं घर लागलं. मान खाली घालून गेली.
बगळ्याचं घर लागलं. मान खाली घालून गेली.
म्हशीचा गोठा लागला. मान खाली घालून गेली.

कुणाच्या दारात जायची तिला सवय नव्हती. गेलं की नाक दाबणार. लांब हो म्हणणार. नकोच ते. शिवाय केक डुलत होता. चिचूचा सगळा जीव केकमध्ये.

पुडी कमरेलाच राहिली.

खुडुक खुडुक. खुडुक खुडुक.

ओढ्याचा काठ आला. ओढा सुकलेला. वाटेत एक दगड.

ठक्क!

चाक दगडावर आपटलं. खीळ निसटली. टिंग टिंग टिंग करत गेली. शेजारी खेकड्याचं बीळ होतं. खीळ बिळात पडली. टक्!

चाक निखळलं. गाडा कलला. केक कलला.

चिचूने खालून पाठ लावली. दात आवळले. एक दगड ओढला. गाड्याखाली टेकू दिला.

केक पडला नाही. पण गाडा चालेना.

चिचू बिळाशी गेली.

"खेकडेभाऊ, खेकडेभाऊ,
माझी खीळ दे.
खिळीवाचून चाक फिरेना.
चाकावाचून केक पोचेना.
कापशा वाट बघतोय.
दिवस कलतोय."

खेकडा आतूनच बोलला.

"कोण? चिचुंद्री? लांब हो. वास येतो."

चिचू लांब झाली.

"खीळ माझ्या बिळात पडली. बिळात पडलं ते माझं. आणि बीळ बघ. सुकलंय. माझ्या नांग्या तडकल्या. आधी ओढ्याला सांग पाणी सोडायला. मग खीळ देईन."

"आणि ओढ्याने नाही सोडलं तर?"

"तर नाही."

खेकडा आत गेला.

चिचूने मागे पाहिलं. दगडावर एक मुंगी आली होती. मुंगीने केक हुंगला. लगेच वळली. घरच्यांना सांगायला गेली.

 चिचू पळत सुटली. तुरुतुरु, चुक चुक.

ओढा वरच्या अंगाला अडून बसला होता. पाणी गढूळ. तोंड पडलेलं.

"ओढेदादा, ओढेदादा,
खेकड्याला पाणी दे.
खेकडा खीळ देईना.
खिळीवाचून चाक फिरेना.
चाकावाचून केक पोचेना.
कापशा वाट बघतोय.
दिवस कलतोय."

ओढा म्हणाला, "लांब हो. वास येतो. पाण्याला लागेल."

चिचू लांब झाली.

"मी काय हौसेने बसलोय इथे? ही जांभळाची फांदी बघ. आडवी पडलीय. मला पुढे जाता येत नाही. आधी म्हशीला सांग फांदी ओढायला. मग पाणी सोडीन."

चिचू निघाली. तुरुतुरु, चुक चुक.

म्हैस गोठ्यात उभी होती. शेपटी मारत होती. फटाक् फटाक्. तिची पाठ थरथरत होती.

"म्हशीमावशी, म्हशीमावशी,
फांदी ओढ.
ओढा पाणी सोडीना.
खेकडा खीळ देईना.
खिळीवाचून चाक फिरेना.
चाकावाचून केक पोचेना.
कापशा वाट बघतोय.
दिवस कलतोय."

म्हैस म्हणाली, "लांब हो. वास येतो."

चिचू मनात म्हणाली, तू तर चिखलात लोळतेस. पण मनातच म्हणाली. आणि लांब झाली.

"माझ्या पाठीला गोचीड लागलेत. चावतात मेले. बसवत नाही. उभं राहवत नाही. पाठ बघ कशी थरथरते. आधी बगळ्याला सांग गोचीड वेचायला. मग फांदी ओढीन."

चिचू निघाली. तुरुतुरु, चुक चुक.

बगळा एका पायावर उभा होता. मान पंखात. कुडकुडत होता.

"बगळेबुवा, बगळेबुवा,
गोचीड वेचा.
म्हैस फांदी ओढीना.
ओढा पाणी सोडीना.
खेकडा खीळ देईना.
खिळीवाचून चाक फिरेना.
चाकावाचून केक पोचेना.
कापशा वाट बघतोय.
दिवस कलतोय."

बगळ्याने पंखाने नाक झाकलं.

"लांब हो. वास येतो. आणखी लांब. हां, तिथेच."

चिचू तिथेच उभी राहिली.

"माझं उपरणं फाटलंय. हा एवढा भोकसा पडलाय. मी बगळा आहे. असा फाटका बाहेर पडू? लोक काय म्हणतील? आधी शिंपिणीला सांग उपरणं शिवायला. मग गोचीड वेचीन."

चिचू निघाली. तुरुतुरु, चुक चुक.

आभाळ आणखी काळवंडलं. सूर्य कुठे आहे ते कळेना. पण तो खाली चालला होता.

शिंपीण फांदीवर बसली होती. चोचीत सुई. समोर काम नाही.

"शिंपीणकाकू, शिंपीणकाकू,
उपरणं शिव.
बगळा गोचीड वेचीना.
म्हैस फांदी ओढीना.
ओढा पाणी सोडीना.
खेकडा खीळ देईना.
खिळीवाचून चाक फिरेना.
चाकावाचून केक पोचेना.
कापशा वाट बघतोय.
दिवस कलतोय."

शिंपीण नाकावर पंख धरून म्हणाली, "लांब हो ग बाई. वास येतो."

चिचू लांब झाली.

"सुई आहे. दोरा संपला. नुसत्या सुईने काय भोकं पाडत बसू? आधी कोळ्याला सांग धागा द्यायला. मग उपरणं शिवीन."

चिचू निघाली. आता तिचे पाय दुखत होते. तुरु... तुरु... चुक... चुक.

कोळी दारात बसला होता. म्हातारा. आठ पाय पोटाशी घेऊन.

चिचू आपणच लांब उभी राहिली. मग म्हणाली,

"कोळीआजोबा, कोळीआजोबा,
धागा द्या.
शिंपीण उपरणं शिवीना.
बगळा गोचीड वेचीना.
म्हैस फांदी ओढीना.
ओढा पाणी सोडीना.
खेकडा खीळ देईना.
खिळीवाचून चाक फिरेना.
चाकावाचून केक पोचेना.
कापशा वाट बघतोय.
दिवस कलतोय."

कोळी म्हणाला, "लांब का उभी? जवळ ये."

"माझ्या अंगाला वास येतो."

"मला नाक नाही. मला वास कळत नाही. अपमान कळतो."

चिचू जवळ गेली. हळूच म्हणाली, "धागा आहे ना?"

"आहे. पुष्कळ."

"मग द्या की."

"देणार नाही."

चिचूला रडू आलं. "का?"

"सकाळी तू इथूनच गेलीस. केक घेऊन. माझे आठ डोळे आहेत. आठही डोळ्यांनी पाहिलं. तू माझ्या दारावरून गेलीस. थांबलीस?"

"नाही."

"मान वर केलीस?"

"नाही."

"कमरेला काय आहे?"

चिचूने कमरेला हात लावला. पुडी! अक्षतांची पुडी! गाठ सुद्धा सोडली नव्हती.

चिचू मटकन खाली बसली.

"मला वाटलं, तुम्ही सुद्धा लांब हो म्हणाल."

"म्हटलं मी?"

"नाही."

"मग?"

चिचूने पुडी पुढे ओढली. तिने गाठ सोडली. एक दाणा घेतला.

"कुठल्या हातावर ठेवू?"

"आठ आहेत. कुठल्याही ठेव. पण ठेव."

चिचूने दाणा ठेवला. म्हणाली, "कोळीआजोबा, कापशाच्या वाढदिवसाला या."

कोळ्याने दाण्याकडे पाहिलं.

"माझ्या जाळ्याला सगळे भितात," तो म्हणाला. "मला कुणी बोलवत नाही. पहिला दाणा हा."

मग त्याने धागा सोडला. सर्रर्र. सर्रर्र. लांबच लांब. आणि स्वतः धाग्यावर बसून निघाला.

चिचू शिंपिणीकडे आली. आता मान वर होती. आधी दाणा दिला.

"शिंपीणकाकू, कापशाच्या वाढदिवसाला ये."

शिंपिणीने नाकावरचा पंख काढला. "मला? अग, मला वाटलं मला वगळलं. आण तो धागा. बगळ्याकडेच जाऊन शिवते."

शिंपिणीने उपरणं शिवलं. टुक टुक. टुक टुक.

चिचू बगळ्याकडे आली. आधी दाणा दिला.

"बगळेबुवा, कापशाच्या वाढदिवसाला या."

बगळ्याने मान उंच केली. "येऊ. उपरणं शिवलंच आहे. नाहीतरी आम्हाला बोलावल्याशिवाय कार्य होत नाही."

बगळ्याने गोचीड वेचले. टच टच. टच टच.

चिचूने म्हशीला दाणा दिला. "म्हशीमावशी, कापशाच्या वाढदिवसाला ये."

म्हैस म्हणाली, "मी बिळात मावणार का ग?"

"तोंड तरी मावेल."

"बरं. तोंड आणते."

तिची पाठ आता थरथरत नव्हती. गप्प होती. म्हशीने शिंगं लावली. फांदी ओढली. करकर, करकर, धाड्!

चिचू ओढ्याशी आली. ओढ्याला हात नाहीत. तिने दाणा पाण्यात सोडला.

"ओढेदादा, कापशाच्या वाढदिवसाला ये."

ओढा म्हणाला, "मी कसा येऊ? माझी वाट ठरलेली. मला वळता येत नाही."

खरंच होतं ते.

"पण दाणा दिलास," ओढा म्हणाला. "आठवण ठेवलीस. पुरे."

ओढ्याने पाणी सोडलं. खळखळ. खळखळ.

पाणी खेकड्याच्या बिळात शिरलं. बुडबुड. बुडबुड. खेकडा बाहेर आला. नांग्या ओल्या झाल्या होत्या.

चिचूने नांगीवर दाणा ठेवला. "खेकडेभाऊ, कापशाच्या वाढदिवसाला ये."

खेकडा म्हणाला, "आधीच दिला असतास तर?"

"चुकले."

"हं. घे."

त्याने खीळ दिली. चिचूने चाक बसवलं. खीळ ठोकली. ठक ठक.

कोळ्याने धागा दिला.
शिंपिणीने उपरणं शिवलं.
बगळ्याने गोचीड वेचले.
म्हशीने फांदी ओढली.
ओढ्याने पाणी सोडलं.
खेकड्याने खीळ दिली.

चिचू गाड्याकडे वळली.

मुंग्या!

काळी रांग. लांब रांग. झाडामागून निघालेली. पहिली मुंगी चाकावर चढली होती. आता नाचणीचा मजला. मग गाजराचा. मग काय उरणार? काडी.

चिचूने पुडीत हात घातला. पहिल्या मुंगीपुढे दाणा ठेवला.

"मुंगीताई, कापशाच्या वाढदिवसाला ये. इथे खायचं नाही. तिथे खायचं."

मुंगी थांबली. मागची थांबली. तिच्या मागची थांबली.

"मी एकटी की सगळ्या?"

"सगळ्या."

मुंगी चाकावरून उतरली. "मग वाटेत कशाला तोंड घालायचं? चला ग, रांगेत."

सगळ्या गाड्याच्या मागे उभ्या राहिल्या.

बाकीचेही काठाशी जमले. आता निघायचं. पण निघणार कसं? ओढा वाहत होता. वाट ओढ्यातून जात होती. चिचूनेच पाणी मागितलं. आता पाणीच आडवं आलं.

चिचू काठावर उभी. पलीकडे कापशा. दिवस चालला.

म्हैस काठाशी बसली. "ठेव माझ्या पाठीवर."

"हलणार नाहीस ना?"

"सकाळी हलले असते. आता कशाला हलू? गोचीड गेले."

म्हशीने ओढून आणलेली जांभळाची फांदी तिच्या पाठीला टेकवली. मुंग्यांनी मागून गाडा ढकलला. चिचूने पुढून ओढला. हं! हं! हं! गाडा पाठीवर चढला.

कोळ्याने केकभोवती धागा गुंडाळला. तिन्ही मजले गच्च बांधले. टप. आभाळातून थेंब पडला. टप टप. पळसाचं पान भिजलं. बगळ्याने उपरणं काढलं. नवं शिवलेलं. केकवर धरलं. स्वतः भिजला.

म्हैस पाण्यात उतरली. एक पाय. मग दुसरा. पाठ हलली नाही.

केक थोडा डुलला. धागा ताणला. मजले राहिले.

पण बोर घरंगळलं. वरच्या मजल्यावरून मधल्या. मधल्यावरून खालच्या. खालच्यावरून ओढ्यात. टुब्!

चिचू बघत राहिली. बोर गेलं.

पलीकडचा काठ आला. पुढे करवंदीची जाळी. वाट अरुंद. म्हैस मावेना. गाडा पुन्हा खाली उतरला.

खुडुक खुडुक. खुडुक खुडुक.

सशीण दारात उभी होती. तिचा चेहरा उतरला होता.

"उशीर केलास, चिचू. डोळे मिटायला आले त्याचे."

चिचू गाडा ओढत राहिली.

खुडुक खुडुक. खुडुक खुडुक.

आत कापशा पडला होता. एक डोळा मिटला होता. दुसरा मिटत होता. त्याच्या कानावर आवाज आला. खुडुक खुडुक. मिटणारा डोळा थांबला. मिटलेला उघडला.

"आला?"

"आला," सशीण म्हणाली.

केक आत आला. एकावर एक. त्यावर आणखी एक. कापशा बघत राहिला. कावळा खोटं बोलला नव्हता.

"वर बोर असतं ना?"

चिचू दाराबाहेरून म्हणाली, "होतं. ओढ्यात पडलं."

कापशाने विचार केला. "ओढ्याला आवतण होतं?"

"होतं. पण त्याला येता येत नाही."

"मग त्याला त्याचा वाटा मिळाला," कापशा म्हणाला.

सशिणीने केक कापला. मुंग्यांना नाचणीचा मजला. रांगेत. म्हशीने जाळीतून तोंड घातलं. तिला गाजराचा मोठा तुकडा. शिंपिणीला दिला. बगळ्याला दिला. कोळ्याला दिला. खेकड्याने दोन्ही नांग्या पुढे केल्या. त्याला दोन्ही नांग्यांत दिला.

चिचू दाराबाहेरच बसली होती. सवयीने. तिने पुडी सशिणीकडे सरकवली.

"एक दाणा उरला. घे."

कापशा म्हणाला, "चिचूमावशी आत का येत नाही?"

खेकडा बोलला. त्याला गप्प बसता येत नाही.

"कशी येईल? तिने सगळ्यांना आवतण दिलं. तिला कुणी दिलं?"

सशीण खाली बघू लागली. खरंच. केक कर म्हणाली होती. केक आण म्हणाली होती. ये, असं म्हणालीच नव्हती.

कापशाने पुडीतला दाणा उचलला. तो उठून बसला. पाय थरथरले.

"अरे, पडशील," सशीण म्हणाली.

टुणुक.

एकच. पण टुणुक.

कापशा दारात पोचला. चिचूच्या हातावर दाणा ठेवला.

"चिचूमावशी, माझ्या वाढदिवसाला ये."

चिचूने मूठ मिटली.

ती आत आली. मधोमध आली. कडेकडेने नाही. बगळ्याचा पंख नाकाकडे निघाला. म्हशीने त्याच्याकडे पाहिलं. पंख खाली आला.

चिचू कापशाजवळ बसली. तिला खोबऱ्याचा मजला दिला. सगळ्यात वरचा.

तिने खाल्ला. एका हाताने खाल्ला. दुसरी मूठ तिने उघडली नाही.

बाहेर दिवस मावळला. कापशाचे डोळे मिटले. ओढ्याचा आवाज येत होता.

केक संपला. गोष्ट संपली. आता हुं नको. तोंड पुसा आणि निजा.